खाली कोण आहे?

"आज तीन वाजता, वरच्या खोलीत, दार लावून," असं थोरल्यांनी रविवारी जेवताना जाहीर केलं, तेव्हा वाढता वाढता थोरल्या जाऊबाईंचा हात थांबला.

"दार लावून? का? चोरी केलीय का कुणी?"

प्रश्न रास्त होता. या घराण्यात आजवर एकही बैठक वर झालेली नव्हती. एकशे सात वर्षांत जे काही ठरलं ते खाली, पबच्या काउंटरवर ठरलं. मामंजींचं लग्न तिथंच ठरलं, त्यांच्या भावांची वाटणी तिथंच झाली, आणि थोरल्यांच्या बहिणीनं, म्हणजे वन्संनी, पहिला नवरा सोडला हे घरच्यांना आणि गिऱ्हाईकांना एकाच वेळी तिथंच कळलं. कारण सोपं होतं. पणजोबांनी एकच नियम घालून दिलेला: दार उघडं आहे तोवर काउंटरमागे घरचं माणूस हवं. हाताखालचा माणूस कितीही चांगला असो, घरचं माणूस हवंच. म्हणून तर या घरात शिरणारा प्रत्येक जण चपला काढायच्या आधी विचारतो, "खाली कोण आहे?" मग सगळे एकत्र वर बसणार कसे? त्यापेक्षा बैठकच खाली यायची. काउंटरमागचा माणूस नळ सोडता सोडता मत द्यायचा, आणि गिऱ्हाईकं न विचारता द्यायची.

"या वेळी मला गिऱ्हाईकांची मतं नकोत," थोरले म्हणाले. "गेल्या खेपेला भिंतींना रंग कुठला द्यायचा, तर तो न्हावी चार दिवस भांडला आणि शेवटी त्याच्या मनातला हिरवा लागला. आठ वर्षं मी त्या हिरव्याकडे बघतोय. पण हा काही रंगाचा प्रश्न नाही. सहा वाजता कंपनीचा माणूस येणार, त्याला हो किंवा नाही सांगायचंय. आपण चौघं बसू, ठरवू आणि मोकळे होऊ."

"चौघं म्हणजे तुम्ही, मी, वन्सं आणि मास्तर," थोरल्या जाऊबाईंनी बोटांवर मोजलं. "आणि ही?"

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं.

"ती खाली आहेच की," थोरले म्हणाले. त्यात वाईट हेतू काडीचा नव्हता. भिंतीत खिडकी आहे म्हणावं तसं ते म्हणाले.

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर शाळेत गणित शिकवत, आणि या क्षणी ताटातल्या बटाट्याचे चार समान भाग करण्यात बुडून गेले होते.

"हो, मी आहेच," धाकटी म्हणाली आणि उठली. जिना उतरताना तिचे पाय नेहमीपेक्षा जरा जोरातच वाजले.

आता खरं सांगायचं तर धाकटीला पब हवा होता. मदतीला म्हणून, अडीअडचणीला म्हणून नव्हे, तर आपला म्हणून हवा होता. चौदा वर्षांपूर्वी मामंजी आजारी पडले, थोरल्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, आणि मास्तरांचं तर बिअरच्या नुसत्या वासानं डोकं धरायचं. पब चालवणाऱ्या घरात असला मुलगा जन्माला यावा, यावर गल्ली चाळीस वर्षं हसत होती. तेव्हा "तात्पुरती तू उभी राहा" असं धाकटीला सांगितलं गेलं. लग्नाआधी तिनं आठ वर्षं औषधांच्या दुकानात काढली होती. पहिल्याच दिवशी तिनं ग्लास डोळ्यांसमोर धरून, रेषेला रेषा लावून बिअर भरली. ते बघून न्हावी ओरडला, "अरे, ही तर कंपाउंडर आहे!" ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तात्पुरतं म्हणता म्हणता चौदा वर्षं झाली. त्या जागेवर तिचा जीव जडला होता. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. काउंटर या घरात बापाकडून मुलाकडे जायचा, आणि सुनेनं तो मागायचा म्हणजे कुठल्या तोंडानं?

आणि आता कंपनी तो दहा वर्षं चालवायला घेणार होती. बाहेरची पाटी तेवढी तशीच ठेवणार. आत काचा, दिवे आणि मोठ्या आवाजाची गाणी. काउंटरही काढणार, कारण म्हणे तो फार जागा खातो.

तिनं दार उघडलं तेव्हा तीनला पाच मिनिटं होती आणि तिघं जण आधीच पायरीवर उभे होते. न्हावी, शिंपीणबाई आणि रिटायर झालेले पोस्टमन. पोस्टमन आयुष्यभर चालले, म्हणून आता बसतात ते चार-चार तास उठत नाहीत. त्यांच्या मागून रविवारची बाकी गर्दी आली. दहा मिनिटांत खुर्च्या भरल्या, खिडकीतल्या बाकावर पत्त्यांचा डाव पडला, कोपऱ्यात दोघांचं फुटबॉलवरून वाजलं आणि मिटलंही. धाकटीनं कुणाला काही विचारलं नाही. ज्याचं त्याचं त्याच्यापुढे जात होतं.

वर खुर्च्या सरकल्या. पबमध्ये एकदम चिडीचूप झालं. सगळ्यांचे चेहरे छताकडे.

"ही थोरल्यांची खुर्ची," न्हावी म्हणाला. "आधी डावा गुडघा, मग उजवा."

"आता येरझाऱ्या कोण घालतंय?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"टाच वाजतेय. त्यांची बहीण," पोस्टमन म्हणाले. "ती उठली म्हणजे पटलेलं नाही."

"मास्तरांचा काहीच आवाज नाही."

"मास्तरांचा आवाज आला तर मी एक आठवडा फुकट दाढी करीन सगळ्यांची," न्हावी म्हणाला, आणि पब खदखदून हसला. धाकटीही हसली, पण तिचा फडका एकाच ग्लासात केव्हाचा फिरत होता.

न्हाव्याच्या नजरेतून काही सुटत नाही. "कंपाउंडर," त्यानं हळूच विचारलं, "तुला काय हवंय गं?"

"मला काय हवं असणार? दाणे संपले का तुमचे?"

"दाणे भरपूर आहेत. मी विचारलं ते सांग."

ती दाणे आणायला आत गेली. दाणे तर समोरच होते.

परत येते तो काउंटरच्या टोकाला थोरल्या जाऊबाई उभ्या. "सोडा न्यायला आले," त्या म्हणाल्या आणि आत शिरून स्टुलावर बसल्याच. "वर नुसतं तापलंय. आणि सारखं तुझंच नाव निघतंय."

धाकटीनं दाण्यांची बशी खाली ठेवली. "माझं? मी काय केलं?"

"काही नाही गं. तुझ्याच भल्याचं बोलतायत." जाऊबाईंनी आवाज उतरवला. त्यांचा उतरवलेला आवाज दारापर्यंत जायचा. "मी मनातलं सांगू? मी आधी हो म्हणणार होते. म्हटलं, यांच्या गुडघ्यांना आराम. पण वर बसले आणि डोक्यात आलं, पब गेला म्हणजे हा माणूस दिवसभर कुठं असणार? माझ्या स्वयंपाकघरात! परवा एक दिवस घरी होते तर माझे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. मीठ शोधायला मला अर्धा तास लागला!"

"मग तुम्ही नाही म्हणा, ताई."

"मी कशी म्हणू? उद्या गुडघे बसले तर मलाच बोलतील." असं म्हणता म्हणता त्यांनी बाह्या सरसावल्या आणि साचलेले ग्लास विसळायला घेतले. सोड्याची आठवण त्यांना राहिली नाही आणि धाकटीनं करून दिली नाही. चार हात झाले की रविवार जरा हलका जातो.

अर्ध्या तासानं टाचा जिन्यावर वाजल्या. "वहिनी सोडा आणायला गेली की बनवायला?" वन्सं दारातूनच कडाडल्या. पण काउंटरपर्यंत येईस्तोवर नळानं गुरगुर केली, फेस ओकला आणि तो बंद पडला. पिंप संपलं. पबभर एकच हलकल्लोळ.

"मी जाते तळघरात," धाकटी म्हणाली.

"तू थांब, घरचं माणूस हवं ना इथं," वन्संनी टाचांच्या चपला भिरकावल्या. "मी बदलते."

"साडी नवी आहे, वन्सं!"

"असू दे!"

तीन मिनिटांत नळातून सोनेरी धार लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वन्सं धापा टाकत तळघरातून आल्या, कोपरापर्यंत ओल्या, केस विस्कटलेले, आणि वीस वर्षांत दिसल्या नव्हत्या इतक्या खूश.

"एवढ्या झटक्यात ती एकटीच बदलू शकायची," पोस्टमन शिंपीणबाईंना म्हणाले. "सोळा वर्षांची होती तेव्हापासून. बापानं सगळं हिला शिकवलं."

"आणि काउंटर दादाला दिला," वन्सं म्हणाल्या. हसतच म्हणाल्या, पण हसू पुरलं नाही. त्यांनी धाकटीचा दंड धरून तिला नळापाशी ओढलं. "इकडे बघ. वर सगळे तुझ्या वतीनं बोलतायत. धाकटीला काय वाटत असेल, धाकटीला काय बरं पडेल. तुझं मत सगळ्यांना तोंडपाठ आहे. मी म्हटलं, जाऊन तिच्याच तोंडून ऐकावं. तुला हवंय का हे?"

धाकटीनं नळावरचा फेस पुसला. "मी सून आहे, वन्सं."

"मी मुलगी होते! मला कुणी विचारलं नाही आणि मीही मागितलं नाही. म्हटलं, त्यांना समजायला नको? नाही समजलं. मग रागारागानं लग्न केलं, ते कसं झालं ते या सगळ्यांना माहीत आहे." खिडकीतल्या बाकावरच्या दोन-तीन माना सहानुभूतीनं हलल्या. "पत्ते खेळा रे तुम्ही! तर अगं, मागून टाक. नाही म्हणाले तर निदान नाही तरी कानांनी ऐकशील."

"पण वर जाऊ कशी? इथं—"

"मी आहे ना!"

"तुमचा हात नळावर बसलेला नाही आता. आणि पाच वाजताची गर्दी यायचीय."

तेवढ्यात जिन्यावरून मास्तर उतरले. नाकाला रुमाल. त्यांना वरून दोघींना घेऊन यायला पाठवलं होतं. त्यांनी एकदा ग्लास विसळणाऱ्या वहिनीकडे, एकदा अनवाणी बहिणीकडे पाहिलं आणि ते बायकोसमोर येऊन उभे राहिले.

"मी वर काही बोललो नाही," ते रुमालाआडून म्हणाले.

"ते इथं सगळ्यांना ऐकू आलं," धाकटी म्हणाली.

"दादा म्हणतो, तुझ्या वतीनं मी हो म्हणावं. मी म्हटलं, तिला काय हवंय ते मला माहीत नाही. चौदा वर्षं झाली आणि मला माहीत नाही. मला फार लाज वाटली गं. म्हणून विचारायला आलो."

धाकटीनं फडका ठेवला.

"मला हवंय," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ते शब्द तोंडातून बाहेर पडले, आणि पडले ते एवढ्या मोठ्यानं की दारातला माणूस दारातच थबकला. "मला हा पब हवाय. हा काउंटर हवाय. आणि तो हिरवा रंगसुद्धा."

"बघा!" न्हावी टेबलावर हात आपटून म्हणाला.

मास्तरांनी रुमाल नाकावरून काढला. मग विचार बदलला, तो पुन्हा लावला आणि मागे गाठ मारून घट्ट बांधला. "तू वर जा," ते काउंटरमागे शिरत म्हणाले. "मी उभा राहतो. मी घरचं माणूस आहे."

"तुम्ही? डोकं दुखेल ना."

"दुखू दे की! नळ कुठल्या बाजूला फिरवायचा तेवढं सांग."

वरच्या खोलीत थोरले एकटेच बसले होते. समोर चार खुर्च्या, त्यातल्या तीन रिकाम्या, चौथ्या खुर्चीवर फोन उभा करून ठेवलेला. फोनमध्ये त्यांची मुलगी होती, शिकायला बाहेरगावी असलेली.

"कोण आलं, बाबा? काकू? काकू, तू वर? मग खाली कोण आहे?"

"तुझा काका."

"अरे देवा," पुतणी म्हणाली.

थोरल्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ये, बस. एकेक जण सोडा आणायला गेला तो गेलाच. तूच राहिली होतीस."

धाकटी बसली नाही. बसली असती तर धीर गळाला असता. "भाऊजी, कंपनीला नाही म्हणा. पब मला चालवायचाय. तुमच्या हाताखाली नाही, माझा म्हणून. हिंमत करून मागतेय. नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा."

थोरल्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"तुला हवाय?" ते म्हणाले. "अगं, मी हे सगळं तुझ्यासाठी करत होतो!"

"माझ्यासाठी?"

"तुला सोडवायला! बाबा गेले त्या दिवशी आम्ही त्यांना घेऊन पबवरून निघालो, आणि तू दारात उभी होतीस. हातात फडका. घरातली सगळी माणसं मागे चालतायत आणि तू तेवढी मागे राहिलीस, काउंटर सोडता येत नाही म्हणून. ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सात वर्षं झाली. परक्या घरची मुलगी, आम्ही तिला वेठीला धरलं. तिला सासऱ्याला पोचवायलासुद्धा येता आलं नाही. त्या दिवशीच मी ठरवलं की हिला यातून मोकळी करायची. गुडघ्यांचं मी आपलं पुढं केलं. गुडघे काय, चालतात."

धाकटीचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी तिला हसूही येत होतं, त्यामुळे दोन्हीचा गोंधळ झाला.

"भाऊजी, मला कुणी मागे ठेवलं नव्हतं. मामंजींनीच विचारलं होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात. मी त्यांना औषध द्यायला गेले तर म्हणाले, मी जाईन त्या दिवशी खाली कोण असेल? मी म्हटलं, मी. तर म्हणाले, मग मला काळजी नाही. त्यांनी तुम्हाला नाही विचारलं, यांना नाही विचारलं, मला विचारलं. मी त्या दिवशी दारात उभी होते ती रडत नव्हते. म्हणजे रडत होते, पण माझी मान ताठ होती. तुम्ही बघितली नाहीत का?"

"मी मान खाली घालून चाललो होतो," थोरले म्हणाले.

"हे मला का नाही कधी सांगितलंस?" त्यांनीच पुढे विचारलं.

"तुम्ही काही ठरवता तेव्हा मी खाली असते. आणि मी वर येते तेव्हा तुम्ही खाली गेलेले असता. ताटावरचं सोडलं तर चौदा वर्षांत आपण दोघं कधी एका जागी दहा मिनिटं बोलत बसलोय का?"

थोरल्यांनी आठवून बघितलं. प्रामाणिक माणूस होता, खूप मागपर्यंत आठवून बघितलं. "नाही," ते म्हणाले.

"आणि मी तर हो म्हटलं होतं काकूची सुटका व्हावी म्हणून!" फोन ओरडला. "बाबा, माझं मत बदला! लिहून घ्या!"

"काही लिहीत नाहीये कुणी," थोरले म्हणाले आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. आधी डावा गुडघा, मग उजवा. खालून हर्षाचा मोठा गलका आला. त्यांचं उठणं न्हाव्याला ऐकू गेलं होतं हे उघड होतं.

खाली उतरले तो काउंटरमागे तोबा गर्दी. जाऊबाई विसळतायत, वन्सं अनवाणी ग्लास पोचवतायत, आणि मधे तोंड बांधलेले मास्तर, दरोडा घालायला आल्यासारखे, नळाशी झटतायत. त्यांनी भरलेल्या ग्लासात पाऊण फेस आणि तळाशी नावापुरती बिअर.

"हे किती झालं माहितीये, मास्तर?" पोस्टमन ग्लास उजेडात धरून म्हणाले. "एक चतुर्थांश."

"एक पंचमांश," मास्तर म्हणाले. "पण सुधारतंय."

धाकटी आत शिरली, त्यांच्या हातातला नळ घेतला, आणि तिला एकदम बरं वाटलं. सहाला दहा मिनिटं कमी होती. दार ढकलून एक कडक इस्त्रीचा माणूस आला, काखेत फाइल. गर्दीतून वाट काढत तो काउंटरपाशी पोचला. थोरले अजून आतल्या बाजूला, आपल्या नेहमीच्या जागी उभे होते. कंपनीच्या माणसानं त्यांच्याकडे बघून हात पुढं केला.

थोरल्यांनी हात मिळवला नाही. त्यांनी काउंटरची फळी उचलली, एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा, आणि फळी आपल्या मागे खाली सोडली. त्रेसष्ट वर्षांचा तो माणूस, जन्मापासून याच घरात राहिलेला, आणि त्या बाजूला तो कधी बसला नव्हता. तो स्टूल ओढून बसला. न्हावी आदरानं थोडा सरकला. थोरल्यांनी कोपरं टेकली आणि समोर पाहिलं. त्यांना सगळं नवीनच दिसत असावं. मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं.

"एक दे," ते म्हणाले.

"काय देऊ, भाऊजी?"

पन्नास वर्षं लोकांना पाजलं, आपल्याला काय आवडतं हे त्यांना माहीतच नव्हतं. "तूच ठरव," ते म्हणाले. "तुझी जागा आहे, तू ठरव."

धाकटीनं कडूसर काळ्या बिअरचा मग उचलला, तिरका धरला, सावकाश भरला आणि दोन बोटं फेस ठेवून त्यांच्यापुढे सरकवला. थोरल्यांनी एक घोट घेतला. सगळा पब त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्यांनी दुसरा घेतला.

"एवढी वर्षं मला कुणी सांगितलं का नाही?" ते म्हणाले.

"माफ करा," कंपनीच्या माणसानं फाइल उघडत विचारलं, "बोलायचं कुणाशी? मालक कोण?"

थोरल्यांच्या मिशीला फेस लागला होता. त्यांनी तो पुसला नाही. मगातून तोंड न काढताच त्यांनी अंगठा काउंटरमागे दाखवला.

"त्या. पण रांगेत थांबा, साहेब. माझा दुसरा व्हायचाय अजून."